प्रतिस्पर्ध्याविषयी जाहीर बोलताना या चुका टाळा : बेकर मेफील्ड आणि डॅनियल जोन्स प्रकरण

ऑगस्ट 2019 मध्ये, अमेरिकेतील एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगचा हंगाम तोंडावर आला असताना, ‘जीक्यू’ मासिकात क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू) बेकर मेफील्ड याच्यावर एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क जायंट्स संघाने डॅनियल जोन्स या नवख्या क्वार्टरबॅकची निवड केली यावर आपला विश्वासच बसत नाही आणि या निवडीने आपण चक्रावून गेलो आहोत, असे मेफील्ड त्या लेखात म्हणाला होता. निवड करणारे लोक नको तितका विचार करतात आणि शेवटी सामने जिंकावे लागतात हेच विसरतात, अशी पुस्तीही त्याने जोडली होती. लेखात त्याच्याविषयी इतर पुष्कळ मजकूर होता, परंतु दुसऱ्या दिवशी चर्चा उरली ती केवळ या एका वाक्याची.

मेफील्ड दुष्ट हेतूने बोलला असे मला वाटत नाही. त्याच्या बोलण्यामागे एक खरा मुद्दा होता आणि तो मांडण्याचा अधिकार त्याच्याइतका फार थोड्या खेळाडूंना होता. असे असूनही जे घडले ते का घडले, हे समजून घेणे ज्यांच्यासमोर आज ना उद्या मायक्रोफोन येणार आहे अशा प्रत्येक तरुण खेळाडूला, त्याच्या प्रशिक्षकाला आणि संघाची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या व्यक्तीला उपयोगी पडेल, म्हणून या प्रकरणातील चुका येथे क्रमाने पाहू.

मुद्दा पद्धतीचा असताना माणसाचे नाव घेणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच जन्मतात. ती नीट कळण्यासाठी एनएफएलमधील ड्राफ्ट म्हणजे काय, हे लक्षात घ्यायला हवे. आयपीएलच्या लिलावात जास्त बोली लावणाऱ्या संघाला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. मागील हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाला महाविद्यालयीन खेळाडूंमधून निवड करण्याची पहिली संधी मिळते आणि त्यानंतर इतर संघ क्रमाने निवड करत जातात. खेळाडूला यात काहीही बोलता येत नाही. त्याला कोणत्या संघाने कितव्या क्रमांकावर घेतले, हा सर्वस्वी संघाचा निर्णय असतो, पण त्या क्रमांकाचे ओझे मात्र खेळाडूला वाहावे लागते.

ड्यूक विद्यापीठाकडून खेळलेल्या जोन्सला जायंट्सनी 2019 च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर निवडले. ही निवड न्यूयॉर्कच्या अनेक चाहत्यांना पसंत नव्हती आणि त्या वर्षी यांकी स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना पाहायला गेलेल्या जोन्सचा चेहरा मोठ्या पडद्यावर झळकताच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. तेव्हा तो अवघा 22 वर्षांचा होता आणि व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता. संघाच्या निर्णयावरची टीका आधीच त्याच्या वाट्याला आलेली असताना, त्याच पेशातील 24 वर्षांच्या खेळाडूने, म्हणजे ज्याला ही जागा किती एकाकी असते हे अनुभवाने ठाऊक होते अशा माणसाने, त्यात आपल्या शब्दांची भर घालावी, ही गोष्ट मला आजही खटकते.

मेफील्डची स्वतःची कहाणी पाहिली म्हणजे ही खंत अधिकच वाढते. टेक्सास टेक विद्यापीठात तो शिष्यवृत्तीविना दाखल झाला, ओक्लाहोमा विद्यापीठातही त्याला संघात स्थान मिळवण्यासाठी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली आणि क्वार्टरबॅकसाठी त्याची उंची कमी आहे हे तो वर्षानुवर्षे ऐकत आला. पुढे 2017 मध्ये त्याने महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च सन्मान मानली जाणारी हाइझमन ट्रॉफी जिंकली आणि 2018 च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. संघांचे निवडकर्ते उंची, वेग आणि फेकीची ताकद मोजतात, पण खेळाडूने आपल्या संघाला किती सामने जिंकून दिले याला पुरेसे महत्त्व देत नाहीत, हा त्याचा मुद्दा त्याच्या आयुष्यातूनच आलेला होता.

नंतर केलेल्या खुलाशात त्याने सांगितले की आपलीही पहिल्या क्रमांकावर निवड झाल्याचे आपल्याला आश्चर्य वाटले होते, हेही आपण त्याच संभाषणात बोललो होतो. हे वाक्य त्याने आधी उच्चारून तेथेच थांबायला हवे होते. ‘माझी निवड पहिल्या क्रमांकावर होईल असे मलाही वाटले नव्हते, क्वार्टरबॅक पारखताना जिंकण्याच्या सवयीकडे दुर्लक्ष होते असे माझे मत आहे,’ असे तो म्हणाला असता, तर मुद्दा पूर्ण पोहोचला असता आणि कोणाच्याही मनाला लागले नसते. यात वगळले आहे ते केवळ जोन्सचे आणि जायंट्सचे नाव. वाक्यात नाव आले की वाचक उरलेला युक्तिवाद ऐकतच नाही. तो फक्त कोण कोणाला काय म्हणाला एवढेच लक्षात ठेवतो.

पत्रकाराने थेट नाव घेऊनच प्रश्न विचारला तर काय करावे, असे तरुण खेळाडू विचारतात. अशा वेळी खरे उत्तर बहुधा हेच असते की, ‘मी त्याला पुरेसे खेळताना पाहिलेले नाही.’ हे उत्तर टाळाटाळीचे नाही. स्वतःच्या हंगामाच्या तयारीत गढलेल्या खेळाडूने दुसऱ्या संघाच्या नवख्या खेळाडूचा बारकाईने अभ्यास केलेला नसतोच, आणि ते मान्य करण्यात प्रामाणिकपणाच आहे.

स्वतःचा हंगाम सुरू होण्याआधी दुसऱ्याचे भविष्य सांगणे

ब्राउन्स संघाने 2017 मध्ये सोळाही सामने गमावले होते. मेफील्ड आल्यानंतर 2018 मध्ये संघाने सात सामने जिंकले आणि त्याने पहिल्याच हंगामात टचडाउनच्या (चेंडू गोलरेषेपलीकडे पोहोचवून गुण मिळवणाऱ्या) 27 फेकी करून नवख्या खेळाडूंचा तोवरचा विक्रम मोडला. मार्च 2019 मध्ये ओडेल बेकहम हा नामांकित रिसीव्हर (फेक झेलणारा खेळाडू) जायंट्सकडूनच ब्राउन्सकडे आला. अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या आणि जायंट्सशी ताजा व्यवहार झालेला असल्यामुळे क्लीव्हलँडमधून त्या संघाविषयी निघणारा प्रत्येक शब्द डिवचण्यासाठीच आहे असे वाचले जाणार, हे उघड होते.

हंगामाच्या पहिल्याच सामन्यात ब्राउन्स घरच्या मैदानावर टेनेसी टायटन्सकडून 43–13 असे हरले आणि मेफील्डने तीन इंटरसेप्शन दिले, म्हणजे त्याच्या तीन फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या. त्यानंतर 22 सप्टेंबर 2019 चा दिवस उजाडला. जायंट्सचा अनुभवी क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग याच्या जागी जोन्सला प्रथमच सुरुवातीपासून खेळवण्यात आले. टॅम्पा बे बकनीअर्सविरुद्ध मध्यंतराला जायंट्स 28–10 असे मागे होते. जोन्सने 336 यार्डांच्या फेकी केल्या, दोन टचडाउन फेकले, दोन स्वतः धावून केले आणि सामना संपण्यास जेमतेम सव्वा मिनिट उरले असताना विजयी टचडाउन नोंदवला. जायंट्स 32–31 असे जिंकले. त्याच रात्री क्लीव्हलँडमध्ये ब्राउन्स लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध अखेरच्या क्षणी गोलरेषेजवळ पोहोचले होते. चौथ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात मेफील्डची फेक प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली आणि सामना 20–13 असा गेला. ‘शेवटी जिंकावे लागते’ हे वाक्य त्या रात्री कोणाकोणाला आठवले असेल, याची कल्पना करता येते. तो हंगाम ब्राउन्सनी सहा विजय आणि दहा पराभव असा संपवला आणि मेफील्डच्या नावावर 21 इंटरसेप्शन लागले.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येईल. जायंट्सनी नोव्हेंबर 2024 मध्ये जोन्सला संघातून मुक्त केले, तेव्हा मेफील्डचे मत अखेर खरेच ठरले असे कोणी म्हणू शकेल. परंतु त्याआधी जोन्सने जायंट्सना 2022 च्या हंगामात प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) नेऊन मिनेसोटा वायकिंग्जविरुद्ध तेथील सामनाही जिंकून दिला होता. आणि मेफील्डलाही ब्राउन्सनी 2022 मध्ये कॅरोलायना पँथर्सकडे सोपवले, तेथे तो काही महिनेच टिकला आणि टॅम्पा बे येथे त्याची कारकीर्द पुन्हा उभी राहिली. दोघे मैदानात समोरासमोर आले ते 18 सप्टेंबर 2022 रोजी, जोन्स जायंट्सकडून आणि मेफील्ड पँथर्सकडून; तो सामना जायंट्सनी 19–16 असा जिंकला. क्वार्टरबॅकचे नशीब प्रशिक्षक, बचावफळी आणि दुखापती यांच्यावर इतके अवलंबून असते की ऑगस्टमधले कोणतेही भाकीत काही काळ खरे आणि काही काळ खोटे ठरतेच. मत बरोबर निघाले म्हणून ते जाहीरपणे नाव घेऊन सांगणे योग्य ठरत नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या भिंतीवर लावायला कागद देणे

अमेरिकेतील संघांमध्ये जुनी पद्धत आहे : प्रतिस्पर्ध्याने काढलेले अपमानकारक उद्गार छापून लॉकर रूममधील फलकावर लावायचे. डॅलस काउबॉइजचा लाइनबॅकर (बचावपटू) थॉमस हेंडरसन याने जानेवारी 1979 मधील सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, आधी पिट्सबर्ग स्टीलर्सचा क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ याच्या बुद्धीची टर उडवली आणि त्याला साधे तीन अक्षरी शब्दाचे स्पेलिंगही येणार नाही असे सुचवले. ब्रॅडशॉने त्या सामन्यात 318 यार्ड आणि चार टचडाउन फेकले, स्टीलर्स 35–31 असे जिंकले आणि सामन्याचा मानकरीही तोच ठरला. केवळ त्या टोमण्यामुळे तो चांगला खेळला असे मी म्हणणार नाही. पण तो टोमणा आजही हेंडरसनच्या नावाला चिकटून आहे.

रागाच्या भरात उत्तर देणे

ही चूक मोठमोठ्यांकडूनही होते. फेब्रुवारी 2003 मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याने प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यादरम्यान, मैदानाच्या कडेला उभे राहून, दूरचित्रवाणीवर आपल्याच संघाचा किकर (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा खेळाडू) माइक व्हँडरजॅट याला मूर्ख म्हटले आणि तो दारूच्या नशेत बरळल्याचे सांगितले. आधी व्हँडरजॅटने मॅनिंग आणि प्रशिक्षक यांच्यात जोश नसल्याची जाहीर टीका केली होती, हे खरे. तरीही पुढचा संपूर्ण हंगाम दोघांना एकाच संघात काढायचा होता, आणि त्या हंगामात व्हँडरजॅटने 37 पैकी 37 फील्ड गोल यशस्वी केले. ज्याच्या पायावर आपले सामने ठरणार आहेत त्याच्याविषयी असे बोलणे कोणत्याही क्वार्टरबॅकला परवडत नाही.

मेफील्डच्या बाबतीतही हा पहिला प्रसंग नव्हता. जून 2019 मध्ये सहकारी ड्यूक जॉन्सन याने दुसऱ्या संघात जाण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा ही परिस्थिती त्याने स्वतःवर ओढवून घेतली आहे, असे मेफील्डने पत्रकारांसमोर सांगितले होते. एकदा अशी ओळख झाली की पुढचे निरुपद्रवी वाक्यही त्याच चष्म्यातून वाचले जाते.

मासिकाच्या लेखाला गप्पा समजणे

पत्रकार परिषदेत खेळाडू सावध असतो. मासिकासाठी लिहिणारा पत्रकार मात्र खेळाडूसोबत बराच वेळ घालवतो, आणि त्या सहवासात हे सारे छापण्यासाठी आहे याचा विसर पडतो. प्रसिद्धी सांभाळणाऱ्या व्यक्तीने अशा भेटीआधी खेळाडूला एवढी एकच गोष्ट बजावावी की पत्रकार निघून जाईपर्यंत मुलाखत चालूच असते.

चूक झाल्यावर पत्रकारावर खापर फोडणे

लेखावरून गदारोळ झाल्यावर मेफील्डने इन्स्टाग्रामवर लिहिले की आपण असे म्हणालोच नव्हतो, प्रसारमाध्यमे खळबळजनक मथळ्यासाठी काहीही करतात, आणि जोन्सविषयी आपण चांगलेच ऐकले असून त्याला आपल्या शुभेच्छा आहेत. यातील अखेरचा भाग योग्य होता, परंतु तो आधीच्या तक्रारीखाली दबून गेला. संदर्भ वगळला गेला असेल तर तो वगळलेला संदर्भ शांतपणे सांगावा. त्यासाठी लिहिणाऱ्याच्या हेतूवर घसरण्याची गरज नसते. वादाला त्यामुळे दुसरा पक्ष मिळतो आणि दोन दिवसांत संपणारी गोष्ट आठवडाभर चालते.

त्याने केलेली दुसरी गोष्ट मात्र अगदी बरोबर होती : त्याने जोन्सशी थेट संपर्क साधला. दुरुस्तीची सुरुवात येथूनच व्हायला हवी. ज्याच्याविषयी बोललो त्याला आधी फोन करावा, मगच जाहीर निवेदन द्यावे, कारण दिलगिरी त्याला बातमीतून कळणे हा पहिल्या अपमानाइतकाच दुसरा अपमान असतो. निवेदन दोन-तीन वाक्यांचे असावे आणि त्यात ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे शब्द नसावेत. भावना दुखावल्या गेल्या आहेत हे मान्य करूनच बोलावे. ‘मी एका सहकारी खेळाडूच्या निवडीवर नाव घेऊन बोललो, तसे बोलायला नको होते, मी त्याच्याशी बोललो आहे,’ एवढे पुरते. त्याच दिवशी आपल्या प्रशिक्षकाला आणि सहकाऱ्यांनाही सांगावे, कारण पुढील आठवडाभर त्यांनाच त्या वाक्याची उत्तरे द्यावी लागतात. जुनी नोंद पुसून टाकू नये; तिची छायाचित्रे तोवर पसरलेली असतात आणि पुसणे हे लपवणे वाटते. नंतर पुन्हा विचारले गेल्यास आधीचेच वाक्य सांगावे आणि त्यात नवा तपशील घालू नये.

ज्याच्याविषयी बोलले गेले त्यानेही काय करू नये, हे जोन्सकडून शिकण्यासारखे आहे. आपल्यासमोर लक्ष देण्याजोगे पुष्कळ काम आहे, अशा आशयाचे मोजके उत्तर देऊन त्याने विषय संपवला. मेफील्डचे इंटरसेप्शन त्याने मोजून दाखवले नाहीत, टॅम्पा बे येथील विजयानंतर ते वाक्य पुन्हा उकरूनही काढले नाही, आणि इलाय मॅनिंगच्या जागेवर खेळण्याचे जे काम हाती होते त्याची तयारी करत राहिला.