ऑनलाइन मागवलेला मॉस्फेट अस्सल आहे की बनावट, हे कसे तपासावे

नाशिकमध्ये अंबड-सातपूरच्या कारखान्यातील कंट्रोल कार्ड दुरुस्त करायचे असो वा द्राक्षबागेतील बॅटरीवरच्या फवारणी पंपाचे, हवा तो सुटा भाग इथे मिळाला नाही की पूर्वी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागे. आता तो मोबाइलवरून घरपोच येतो आणि बनावट मालही त्याच वाटेने येतो. मॉस्फेट, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक भाग, याला अपवाद नाही. भागावरचा क्रमांक कोणालाही नव्याने छापता येतो, म्हणून निवाडा मोजमापावरच करावा, असे माझे ठाम मत आहे.

तरीही आधी नजरेने पारखावे. भिंगाखाली तिरप्या उजेडात समांतर ओरखडे दिसले, किंवा नवा म्हणून विकलेल्या भागाच्या पायांवर जुने सोल्डर आढळले, तर संशय घ्यावा. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस हवेशीर जागी पृष्ठभागावर घासून पाहावा. कापसावर काळा रंग उतरला, तर जुना क्रमांक झाकण्यासाठी वरून थर दिलेला असण्याची दाट शक्यता असते. मात्र हल्लीचे काही थर अ‍ॅसिटोनलाही दाद देत नाहीत, त्यामुळे कापूस स्वच्छ राहिला म्हणून निर्धास्त होऊ नये.

खरी परीक्षा रोधाची. आयआरएफझेड ४४एन या मॉस्फेटच्या डेटाशीटनुसार, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार, गेट या नियंत्रक पायावर १० व्होल्ट असताना २५ अंश सेल्सिअसला ड्रेन आणि सोर्स या प्रवाह वाहणाऱ्या दोन पायांमधला रोध जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम असतो. दोन पॉवर सप्लायची ऋण टोके सोर्सला जोडावीत, एकातून गेटला १० व्होल्ट द्यावेत आणि दुसऱ्याची प्रवाहमर्यादा १ अँपिअरवर ठेवून त्याचे धन टोक ड्रेनला लावावे. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची टोके ड्रेन आणि सोर्सच्या पायांच्या अगदी मुळाशी टेकवावीत. ती क्लिपांवर टेकवली, तर तारेचा रोधही मोजला जाऊन अस्सल भाग नाहक बाद होतो. प्रवाह १ अँपिअर असल्याने जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम, म्हणून वाचन १७.५ मिलिव्होल्टच्या आत यायला हवे. ते ४०-५० मिलिव्होल्ट आले, तर आत लहान सिलिकॉनचा स्वस्त मॉस्फेट आहे असे समजावे; पूर्ण भारावर तो तापून जळेल.

एकाच पाकिटात वेगवेगळा माल मिसळलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक नग मोजावा आणि परतीची मुदत संपण्याआधी वाचनांच्या छायाचित्रांसह तक्रार नोंदवावी. या चाचणीतून या मॉस्फेटची डेटाशीटमध्ये दिलेली ५५ व्होल्ट सहन करण्याची क्षमता कळत नाही. जिथे ती निर्णायक आहे, तिथे उत्पादकाच्या अधिकृत वितरकाकडूनच खरेदी करावी.