मर्चंट नेव्हीत जायचंय? पैसे भरण्याआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात हमखास येते: दहावी-बारावी पास, डॉलरमध्ये पगार, शंभर टक्के नोकरी. यातलं डॉलरचं खरं आहे. मोठ्या तेलवाहू जहाजाचा कॅप्टन महिन्याला 10,000 डॉलरच्या पुढे कमावतो. पण तिथवर पोचायला साधारण 10 वर्षं आणि परीक्षांचे तीन टप्पे लागतात. शिवाय पगार बहुतेक ठिकाणी जहाजावरच्या महिन्यांचाच मिळतो. सुट्टीवर घरी आलात की मीटर बंद.

आपल्याकडे देवळाली आणि आर्टिलरी सेंटरमुळे 'भरती' हा शब्द ओळखीचा, त्यामुळे अनेकांना हीसुद्धा भरतीच वाटते. पण मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजांचा बहुतांशी खासगी धंदा. इथे मैदान मारून कोणी आत घेत नाही. पहिल्या दिवसापासून एकच विचारायचं: कोर्स झाल्यावर मला जहाजावर चढवणार कोण?

सीडीसीलाच नोकरी समजणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. सीडीसी ही खलाशाची ओळखपुस्तिका. कोणत्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, याच्या नोंदी तिच्यात होतात. एजंट काय करतो? मुलाला पाण्यात तग धरणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि सिक्युरिटी असे पाच बेसिक कोर्स करायला लावतो. ते दोन-तीन आठवड्यांत उरकतात. मग सीडीसी हातात ठेवतो आणि लाखांत पैसे घेतो. एवढ्यावर नवख्याला कोणतीही धड कंपनी उभं करत नाही.

दहावीवर जायचंच असेल तर सरळ वाट जीपी रेटिंगची, म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हीकडच्या कामाला लागणाऱ्या साध्या खलाशाची: सहा महिन्यांचा निवासी कोर्स, वय साडेसतरा ते 25, दहावीला एकूण 40 टक्के आणि इंग्रजीत 40.

179 गुणांवर अडकणं

अधिकारी व्हायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित या तिघांत मिळून 60 टक्के लागतात, आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत 50. तीन विषयांचे मिळून 300 पैकी 180. फिजिक्स 62, केमिस्ट्री 62, गणित 55 असे 179 झाले तर 59.67 टक्के होतात. ते 60 धरले जात नाहीत. बायोलॉजीचे गुण इथे कामाला येत नाहीत, एमएचटी-सीईटीचा स्कोअरही नाही. प्रवेश परीक्षा वेगळी आहे: इंडियन मेरीटाईम युनिव्हर्सिटीची आयएमयू-सीईटी. अकरावीला 'मेडिकलच करायचंय' म्हणून गणित सोडलं असेल तर हा दरवाजा तिथेच बंद झाला.

डोळे शेवटी तपासणं

डेकवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या बाजूला, चष्म्याशिवाय 6/6 नजर लागते. इंजिनच्या बाजूला साधारण अडीच नंबरपर्यंतचा चष्मा चालतो. रंगांधळेपणा मात्र कुठेच चालत नाही. रात्री समोरच्या जहाजाचं तोंड कुठे आहे हे लाल-हिरव्या दिव्यांवरूनच ओळखायचं असतं. हा दोष अनेकांना थेट मेडिकलच्या दिवशी कळतो, तोवर फीचा पहिला हप्ता गेलेला असतो. म्हणून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठिपक्यांच्या आकड्यांची इशिहारा चाचणी करा, फॉर्म नंतर भरा. अंतिम मेडिकल डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या, मान्यताप्राप्त डॉक्टरांकडूनच लागतं.

नावाचा घोळ

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत. आधारवर तिसरीच तऱ्हा. त्यात गांगुर्डे, देवरे, आहेर यांची इंग्रजी स्पेलिंगं प्रत्येक कागदावर निराळी. पासपोर्ट दहावीच्या गुणपत्रिकेबरहुकूम काढा, मगच इंडॉस नंबरसाठी, म्हणजे खलाशांच्या सरकारी नोंदीतल्या क्रमांकासाठी, अर्ज करा. पुढची सगळी कागदपत्रं या नंबरला बांधलेली असतात, त्यामुळे नंतरची दुरुस्ती जाम वेळखाऊ.

स्पॉन्सरशिपशिवाय फी भरणं

डीएनएस हा डेकवरच्या अधिकाऱ्यांसाठीचा एका वर्षाचा कोर्स. त्यानंतर 18 महिने समुद्रावर कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून काढल्याशिवाय सेकंड मेटच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, परीक्षेला बसता येत नाही. हे 18 महिने देणारी कंपनी आधीच ठरलेली असेल तर ती स्पॉन्सरशिप. कंपनी स्वतःची परीक्षा, मुलाखत आणि मेडिकल घेऊन पत्र देते. पत्र नसताना कोर्स केलेली मुलं वर्ष-दीड वर्ष मुंबईच्या ऑफिसांचे उंबरे झिजवताना दिसतात. 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे स्पॉन्सरशिप नव्हे. पत्रावरची कंपनी खरी आहे का हे तिच्या अधिकृत ईमेलवर स्वतः विचारा, एजंटने दिलेल्या मोबाईलवर नाही. मेकॅनिकल इंजिनिअरांसाठी जीएमई आणि इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी ईटीओ हे वेगळे कोर्स आहेत, पण हाच नियम त्यांनाही.

एजंटला 'व्हिसाचे पैसे' देणं

खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल परवाना लागतो. परवान्याचा नंबर आणि मुदत डीजी शिपिंगच्या वेबसाइटवरच्या यादीत पाहा. कॉलेजही तिथल्याच यादीत शोधा, आणि तुमच्या कोर्सला मान्यता आहे का तेही बघा. जहाजांवरच्या कामगारांसाठीच्या एमएलसी 2006 या आंतरराष्ट्रीय करारानुसार नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून फी घेता येत नाही. मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्ट एवढाच खर्च खलाशाचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. तेव्हा कोणी व्हिसासाठी रोख मागितली की तिथूनच उठा. टुरिस्ट व्हिसावर दुबईला पाठवतो, जहाज तिथे मिळेल, असं कोणी म्हणालं तर आणखी लवकर उठा.

टॅक्सचे दिवस चुकीचे मोजणं

ही चूक नोकरी लागल्यावरची. परदेशी जहाजावरचा पगार भारतात करमुक्त राहण्यासाठी एनआरआय ठरावं लागतं, म्हणजे एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहायचं. समजा 1 नोव्हेंबरला चढलात आणि 30 एप्रिलला उतरलात. करार सहा महिन्यांचा, पण 31 मार्चपर्यंतचे दिवस फक्त 151. त्या वर्षात आधी जहाजावर नसाल तर हिशेब फसला. सीडीसीवरच्या चढल्या-उतरल्याच्या शिक्क्यांची झेरॉक्स दरवेळी घरी ठेवून जा. सीएला दाखवायला तोच पुरावा लागतो, आणि मूळ पुस्तिका तेव्हा तुमच्याबरोबर समुद्रावर असते.