विमानाच्या ताण-विश्लेषणात या चुका टाळा

पंखाचे मूळ, लँडिंग गिअरची जोडणी किंवा दाब सोसणारी केबिन अशा भागांच्या विश्लेषणात चूक होते ती बहुधा गणितात नव्हे, तर त्यामागच्या गृहीतांत, आणि गृहीत चुकले तरी सॉफ्टवेअर तितकेच देखणे रंगीत चित्र काढून देते.

मेश (मॉडेलमध्ये भागाचे लहान तुकडे पाडणारी जाळी) कितीही बारीक केली तरी आतल्या कोपऱ्यातला ताण वाढतच जात असेल, तर कोपरा त्रिज्येविना, म्हणजे गोलाई न देता, काढला गेला आहे असे समजावे. ताण भाराच्या प्रमाणात वाढतो असे मानणाऱ्या रेषीय सिद्धांतानुसार अशा बिंदूवरचा ताण अनंताकडे जातो, म्हणून प्रत्यक्ष भागावरील फिलेट (कोपऱ्याची गोलाई) मॉडेलमध्ये घेतल्याशिवाय तिथला आकडा अहवालात घालू नये. रिव्हेटच्या छिद्राशी मात्र उलटे घडते : रुंद पत्र्याला एका दिशेने ओढले असता गोल छिद्राच्या काठावरचा ताण दूरच्या ताणाच्या तिप्पट होतो आणि जाड मेश तो शिखरबिंदू गिळून टाकते.

ब्रॅकेटचे टोक पूर्ण जखडल्यास भार भलत्याच बोल्टवर गेलेला दिसतो. तेव्हा आधाराची लवचीकता मॉडेलमध्ये धरावी आणि प्रतिक्रियांची (आधारांकडून मिळणाऱ्या उलट बलांची) बेरीज लावलेल्या भाराशी जुळते का, हे सर्वांत आधी पाहावे. मिळालेले भार अल्टिमेट, म्हणजे सेवेतल्या कमाल अपेक्षित भाराला 1.5 या सुरक्षा-गुणकाने आधीच गुणलेले, असताना त्यांना पुन्हा 1.5 ने गुणणे ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. शिवाय हा 1.5 चा गुणक स्थिर ताकदीसाठी आहे. फटीगचा, म्हणजे वारंवार येणाऱ्या भाराने धातूला तडा जाण्याचा, हिशेब त्याने चुकता होत नाही.

चाचणीच्या नमुन्याचा इतिहास न विचारणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक. कॉमेट या ब्रिटिश प्रवासी जेट विमानाच्या केबिनच्या एका नमुन्याने दाबाची सुमारे 18,000 आवर्तने (एका उड्डाणाला साधारण एक) सोसली होती, तरीही जानेवारी आणि एप्रिल 1954 मध्ये दोन विमाने अनुक्रमे सुमारे 1,290 आणि 900 उड्डाणांनंतर हवेतच फुटली. (चौकोनी खिडक्यांची गोष्ट सर्वश्रुत आहे, पहिल्या विमानाच्या अवशेषांतली फाट मात्र छतावरील ॲन्टेनाच्या झरोक्यापाशी सुरू झालेली आढळली.) तो नमुना आधी स्थिर चाचणीत नेहमीच्या दाबाच्या दुपटीपर्यंत नेलेला होता. त्यामुळे ताण एकवटणाऱ्या जागी धातू किंचित कायमचा ताणला गेला, दाब उतरल्यावर तिथे संकोचक ताण शिल्लक राहिला आणि तडा पडणे लांबले. सेवेतल्या विमानांना हे संरक्षण तेवढे मिळालेले नव्हते. म्हणूनच स्थिर आणि फटीग चाचण्यांसाठी वेगवेगळे नमुने घ्यावेत, आणि तयार निकाल हाती आला असेल तर त्या नमुन्यावर पूर्वी आलेल्या प्रत्येक भाराची नोंद मागून घ्यावी.