लॅपटॉप फिरता, वाय-फायची सेटिंग जागच्या जागी

घरी नीट चालणारं वाय-फाय ऑफिसात किंवा प्रवासात अडलं, तर लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बिघडलेलं असण्याची शक्यता कमीच. बहुतेक वेळा एका जागेसाठी केलेली सेटिंग कार्डाला चिकटून राहते आणि दुसऱ्या जागी आडवी येते. म्हणून नियम एकच पाळायचा: कार्ड कायम ऑटोमॅटिकवर राहील, आणि जागेपुरतं जे वेगळं असेल ते त्या त्या नेटवर्कच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याच्या जतन केलेल्या नोंदीत, जाईल.

आधी कार्ड मोकळं करा

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल उघडून नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, तिथून चेंज अडॅप्टर सेटिंग्ज. वाय-फायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ निवडून पुन्हा प्रॉपर्टीज. इथे आयपी (नेटवर्कातला लॅपटॉपचा पत्ता) आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) दोन्ही आपोआप मिळण्यावर ठेवा. कधीतरी प्रिंटरसाठी किंवा फाइल शेअरिंगसाठी कुणी १९२.१६८.१.५० असा पत्ता इथे भरून ठेवलेला असतो. दुसऱ्या जागचा राउटर १९२.१६८.०.१ किंवा १०.०.०.१ वर असेल, तर सिग्नल पूर्ण दिसतो, ‘कनेक्टेड’ असंही दिसतं, पण इंटरनेट नाही, कारण भरलेला गेटवे (बाहेर जाण्यासाठीचा राउटरचा पत्ता) त्या नेटवर्कात अस्तित्वातच नसतो.

कार्डाला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथे कार्डाने पत्ता मागितला, पण राउटरकडून उत्तर आलं नाही. अशा वेळी हाताने पत्ता भरण्याच्या फंदात पडू नका. वाय-फाय बंद-चालू करा, राउटर एकदा रीस्टार्ट करा.

जागेची सेटिंग कुठे ठेवायची

विंडोज १० आणि ११ मध्ये प्रत्येक नेटवर्कासाठी वेगळा आयपी ठेवता येतो, पण तो कंट्रोल पॅनेलमधून नव्हे:

१. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स.
२. हव्या त्या नेटवर्कचं नाव निवडा आणि आयपी असाइनमेंटपुढचं एडिट दाबा.
३. मॅन्युअल निवडून आयपीव्ही४ चालू करा. पत्ता, गेटवे आणि डीएनएस भरा.
४. विंडोज ११ सबनेट मास्क (नेटवर्क केवढं आहे ते सांगणारा आकडा) विचारतं, तिथे २५५.२५५.२५५.० लिहा. विंडोज १० त्याच जागी प्रीफिक्स लेंग्थ विचारतं, तिथे फक्त २४. या रकान्यात पूर्ण मास्क लिहिला की सेव्ह होत नाही आणि नेमकं काय चुकलं ते संदेशातून कळत नाही.

तरीही कायमचा पत्ता हवाच असेल, तर लॅपटॉपवर भरण्यापेक्षा राउटरमध्ये त्या लॅपटॉपच्या हार्डवेअर पत्त्यासाठी (वाय-फाय कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी) आयपी राखून ठेवणं केव्हाही चांगलं. मग लॅपटॉपवर काहीच बदलावं लागत नाही. फक्त त्या नेटवर्कापुरतं ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ बंद ठेवा. नाहीतर लॅपटॉप तिथे वेगळाच हार्डवेअर पत्ता दाखवतो आणि राउटर त्याला ओळखत नाही. ठरावीक हार्डवेअर पत्त्यांनाच प्रवेश देणाऱ्या ऑफिसातही हीच अडचण येते.

प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसणारा सर्व्हर, अशी नेटवर्कनिहाय ठेवता येत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्जमधली प्रॉक्सी सगळ्या नेटवर्कांना लागू होते. ऑफिसची प्रॉक्सी हाताने भरली आणि घरी आल्यावर तशीच राहिली, की ब्राउझर ‘प्रॉक्सी सर्व्हर उत्तर देत नाही’ म्हणतो. ऑफिसने सेटअप स्क्रिप्टचा (प्रॉक्सी कधी वापरायची ते ठरवणाऱ्या फाइलचा) पत्ता दिला असेल तर तोच वापरा.

मॅकबुकवर आयपी, डीएनएस आणि प्रॉक्सी हे सगळं ‘लोकेशन’ला बांधलेलं असतं. सिस्टम सेटिंग्जमधल्या नेटवर्कमध्ये खाली तीन टिंबांचं बटण आहे. त्यात लोकेशन्स, मग एडिट लोकेशन्स. ‘ऑफिस’ नावाचं नवं लोकेशन करून तिथली सेटिंग त्यातच भरा. मूळचं ‘ऑटोमॅटिक’ लोकेशन कोरं राहू द्या. प्रवासात तेच उपयोगी पडतं.

या बाबतीत लिनक्सवरचं नेटवर्कमॅनेजर सर्वांत स्वच्छ आहे. प्रत्येक जोडणीचं प्रोफाइल मुळातच स्वतंत्र असतं आणि फायरवॉलचा झोनसुद्धा (त्या नेटवर्कावर किती विश्वास ठेवायचा ते) त्यातच ठेवता येतो. एकाच जागी दोन ओळखीची नेटवर्कं असतील, तर ऑटोकनेक्ट प्रायॉरिटीत मोठा आकडा दिलेलं नेटवर्क आधी जोडलं जातं.

एकच नाव, दोन जागा

हा घोटाळा फार छळतो. दोन ठिकाणच्या राउटरांचं नाव सारखंच, पासवर्ड मात्र वेगळे. विंडोज प्रोफाइल नावावरून ओळखतं, त्यामुळे एका जागचा पासवर्ड दुसरीकडे वापरून बघतं आणि अडतं. एका राउटरचं नाव बदलणं हाच खरा उपाय. लिनक्सवर मात्र त्याच नावाची दोन प्रोफाइलं करून प्रत्येकात त्या त्या राउटरचा बीएसएसआयडी (त्याच्या वाय-फायचा हार्डवेअर पत्ता) भरता येतो.

विद्यापीठांच्या एज्युरोममध्ये (एकाच खात्यावर अनेक संस्थांत चालणाऱ्या वाय-फायमध्ये) सगळीकडे नाव एकच असणं अपेक्षितच आहे. तिथे युजरनेम अ‍ॅट चिन्ह आणि संस्थेच्या डोमेनसह पूर्ण लिहा. अर्धवट युजरनेम स्वतःच्या संस्थेत कधीकधी चालून जातं, पण पाहुणे म्हणून गेलात की नाकारलं जातं, कारण तुमची विनंती कोणत्या संस्थेकडे पाठवायची हे तिथल्या सर्व्हरला कळत नाही. शिवाय लॅपटॉपचं घड्याळ आणि तारीख बरोबर हवी; ती चुकली की सर्व्हरच्या सर्टिफिकेटची (ओळखपत्राची) तपासणी फसते आणि पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही.

लॉगिनचं पान उघडत नाही

हॉटेल किंवा विमानतळावर जोडणी होते, पण लॉगिनचं पान येत नाही. हाताने भरलेला ८.८.८.८ सारखा डीएनएस, ब्राउझरमधला सुरक्षित डीएनएस किंवा चालू असलेलं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित, बंदिस्त जोडणी) ही नेहमीची कारणं. तिथलं नेटवर्क स्वतःच्या डीएनएसमधून तुम्हाला त्या पानावर वळवत असतं, आणि तुम्ही त्याला विचारतच नसता. हे तिन्ही बंद करा, मग ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम किंवा राउटरचा गेटवे उघडून बघा. लॉगिन झालं की व्हीपीएन पुन्हा चालू करा. विंडोजमध्ये अशा नेटवर्काला प्रायव्हेट (घरासारखं विश्वासाचं) नव्हे, पब्लिकच (लॅपटॉप इतरांना न दिसणारं) ठेवा.

व्हीपीएन जोडलेलं दिसतं, पण ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही, तेव्हा दोन्हीकडचे पत्ते पाहा. घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे १९२.१६८.१ चीच मालिका असेल, तर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरची मालिका १९२.१६८.७३ अशी काहीतरी वेगळी करा.

फोनला दिसतं, लॅपटॉपला नाही

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात अमेरिकेतले राउटर १ ते ११ चॅनेल (त्या पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) वापरतात, इतर बऱ्याच देशांत १३ पर्यंत परवानगी आहे. अमेरिकेच्या नियमांवर बसवलेल्या कार्डाला चॅनेल १२ किंवा १३ वरचं नेटवर्क दिसतच नाही. राउटर आपल्या हाती असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर ठेवा. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ या चॅनेलांवर राउटरला आधी रडारचा कानोसा घ्यावा लागतो, साधारण ६० सेकंद आणि काही चॅनेलांवर आणखी जास्त. त्यामुळे राउटर सुरू केल्यावर ते नाव उशिरा दिसलं तर घाईने सेटिंग बदलू नका.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर इंटेलच्या कार्डांना, चांगल्या सिग्नलकडे किती लवकर वळायचं ते ठरवणारं, ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ मिळतं. मोठ्या ऑफिसात लॅपटॉप वाय-फाय देणाऱ्या लांबच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहत असेल तर मीडियमवरून एकच पायरी वर न्या. हे सेटिंग कार्डाचं आहे, म्हणजे ते घरीही लागू होणार, आणि सर्वांत वरच्या पायरीवर ते घरीही सारखं दुसरं नेटवर्क शोधत बसतं.

सगळं करून थकलात तरच विंडोजचं नेटवर्क रीसेट वापरा. त्याआधी हाताने भरलेले आयपी, डीएनएस, प्रॉक्सी आणि वाय-फायचे पासवर्ड लिहून घ्या. रीसेटनंतर व्हीपीएनचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागू शकतं, आणि घरचं नेटवर्क पब्लिक झालेलं असू शकतं. प्रिंटर गायब झाला असेल तर ते प्रायव्हेट करून पाहा.