सळ्या न खाल्ल्या जाणारा टाकीचा इंडिकेटर

टाकी भरली की वाजणारा बझर बनवायला सोपा, टिकवायला अवघड. पाण्यात दोन तारा सोडायच्या, एक ट्रान्झिस्टर जोडायचा, की वाजायला लागतो. काही महिन्यांनी झाकण उघडून बघा. एक तार हिरवी पडून झडलेली असते, दुसरीवर चुन्याचा पांढरा थर बसलेला असतो. आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत असे मुके झालेले बझर बरेच आहेत. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे व्होल्टामीटरमध्ये (द्रावणातून वीज सोडून विघटन करायच्या भांड्यात) जे आम्ही मुद्दाम घडवतो, तेच इथे टाकीत दिवसरात्र चालू असतं. प्रवाह सतत एकाच दिशेने वाहतो, धन टोकाचा धातू पाण्यात उतरतो आणि ऋण टोकावर पाण्यातला चुना जमतो. बोअरचं जड पाणी असेल तर थर आणखी लवकर धरतो.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही एकत्रच करायचे. प्रवाह फक्त मोजण्यापुरता, काही मिलिसेकंद सोडायचा. आणि जेवढा वेळ एका दिशेने सोडला, तेवढाच वेळ उलट दिशेने सोडायचा.

सामान असं: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), १०० किलोओहमचे चार आणि १ किलोओहमचे सहा रेझिस्टर, चार एलईडी व त्यांच्यासाठी ३३० ओहमचे चार, ५ व्होल्टचा बझर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, कॅट-५ केबल. हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एकाच फेरीत मिळतं. तारांऐवजी पाण्यात सोडायच्या सळ्या मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शोधू नका. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात स्टेनलेसच्या टिग रॉड मागा. त्या एक मीटर लांब येतात. २.४ मिलिमीटर जाडीच्या पाच घ्या. तांबूस दिसणाऱ्या रॉड घेऊ नका, त्या साध्या लोखंडाच्या असतात आणि वरून तांब्याचा मुलामा असतो.

आता जोडणी. पाचांतली सर्वांत लांब सळी ‘कॉमन’. ती १ किलोओहममधून नॅनोच्या डी-२ पिनला जोडा. उरलेल्या चार सळ्या प्रत्येकी १ किलोओहममधून ए-० ते ए-३ ला. या चार अॅनालॉग पिनांपासून प्रत्येकी एक १०० किलोओहमचा रेझिस्टर काढा. नेहमीच्या सर्किटमध्ये या चौघांची दुसरी टोकं ग्राउंडला जातात. आपण ती एकत्र करून डी-३ ला जोडायची. सगळी खुबी या एका तारेत आहे.

प्रोग्रॅममध्ये आधी डी-२ हाय (५ व्होल्ट) आणि डी-३ लो (० व्होल्ट) करा, ५ मिलिसेकंद थांबा आणि चारही अॅनालॉग पिना वाचा; वाचन ० ते १०२३ मध्ये येतं. मग दोन्ही उलटे करा: डी-२ लो, डी-३ हाय. पुन्हा ५ मिलिसेकंद थांबून वाचा. शेवटी दोन्ही लो. डी-३ ग्राउंडऐवजी पिनवर असल्यामुळे दुसऱ्या वेळी तेवढाच प्रवाह त्याच रेझिस्टरांतून उलटा वाहतो आणि हिशोब बरोबर फिटतो. पिन बदलल्यावरचं पहिलं वाचन टाकून द्या, दुसरं धरा, कारण आधीच्या पिनचा थोडा अंश त्यात उरलेला असू शकतो.

सुलट दिशेच्या वाचनातून उलट दिशेचं वजा करा. सळी कोरडी असेल तर उत्तर उणे १०२३ च्या आसपास येतं. पाण्यात असेल तर अधिक काही शे येतं. शून्याच्या वर ओली, खाली कोरडी. एवढं मोठं अंतर असल्यामुळे मर्यादा ठरवण्यासाठी वेगळा पोटेन्शिओमीटर लागत नाही.

हे सगळं दर १० सेकंदांनी एकदाच करा. म्हणजे चोवीस तासांत सळ्यांमधून प्रवाह जेमतेम दीड मिनिट वाहतो. भरताना पाणी हिंदकळतं, म्हणून सलग तीन वाचनं सारखी आली तरच एलईडी बदला. एलईडी डी-५ ते डी-८ वर, बझर डी-९ वरून १ किलोओहम आणि बीसी५४७ मार्फत. स्वस्तातल्या नॅनोवर प्रोग्रॅम चढेना, तर आयडीईमध्ये (प्रोग्रॅम लिहून चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोसेसरच्या यादीतून ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

टाकीवर चढण्याआधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पातेलंभर नळाचं पाणी घेऊन चाचणी करा. पातेलं प्लास्टिकचं घ्या. स्टीलचं घेतलंत तर सळी पातेल्याला टेकते आणि सगळ्याच ओल्या दिसतात.

सळ्या कापताना आधी ओव्हरफ्लोचं तोंड झाकणापासून किती खाली आहे ते मोजा. सर्वांत आखूड सळीचं टोक त्याच्या ३-४ सेंटिमीटर खाली यायला हवं, म्हणजे पाणी वाहून जायच्या आत बझर वाजेल. बाकीच्या तीन समान अंतरानं, आणि कॉमन सर्वांत खाली. प्रत्येक सळीवर वरपासून खालपर्यंत स्लीव्ह (वीज न वाहणारी प्लास्टिकची नळी) चढवा. फक्त शेवटची ३ सेंटिमीटर उघडी ठेवा. झाकणाखाली रात्री वाफेचे थेंब धरतात आणि उघड्या सळ्या थेंबांतून एकमेकींना जोडल्या जातात. अॅक्रिलिकच्या पट्टीत ५-५ सेंटिमीटरवर भोकं पाडून त्यात सळ्या बसवा.

केबलचा जोड झाकणाच्या वरच, स्ट्रिप कनेक्टरनं. पाण्याखाली सोल्डर नकोच. साध्या ६०/४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं आणि हे पाणी घरातली लेकरं पितात. कॅट-५ मध्ये आठ तारा असतात, आपल्याला पाच पुरतात. गच्चीवरच्या उन्हात तिचं आवरण तडकतं, म्हणून पीव्हीसी पाइपातून खाली आणा.

पुरवठ्यासाठी चांगला, बीआयएस नोंदणीची खूण असलेला मोबाइल चार्जरच वापरा. कपॅसिटरवर चालणारे, ट्रान्सफॉर्मर नसलेले स्वस्त सप्लाय मिळतात. त्यांत २३० व्होल्टची लाइन थेट सर्किटला जोडलेली असते, आणि आपलं सर्किट तर पाण्यात उतरलंय. इथे चार पैसे वाचवू नका. मोटर आपोआप बंद करणारा रिले याच बोर्डाला जोडण्याचा मोह होतो. तो इलेक्ट्रिशियनकडून, कॉन्टॅक्टर (मोटरचा जड प्रवाह पेलणारा स्विच) आणि वेगळ्या डब्यासह करून घ्या. तोपर्यंत बझर ऐकून स्विच आपल्या हातानं बंद करणं ठीक.

टाकी धुवायच्या दिवशी सळ्यांची टोकं लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि पुसून परत लावा. जड पाण्याचा जो काही पातळ थर धरतो, तो एवढ्यात निघतो.