तंटा मिटवावा, गुन्हा नोंदवावा: गावातील गटांनी मिळून द्वेषाचे हल्ले कसे रोखावेत

विदर्भातील मध्यम आकाराच्या गावात मोजायला बसले, तर बचत गटांचा ग्रामसंघ, गुरुदेव सेवा मंडळ, बुद्धविहाराची समिती, मशिदीची कमिटी, गणेश मंडळ आणि निदान कागदावर तरी तंटामुक्त गाव समिती असे पाच-सहा संघटित गट सहज निघतात. प्रत्येकाची वर्गणी वेगळी आणि बसण्याची जागाही वेगळी असल्यामुळे जात, धर्म किंवा करणीच्या संशयावरून कोणावर हात उचलला गेला, की जो तो आपापल्या मोहल्ल्यात जाऊन बसतो. या गटांना घटना घडण्याआधीच एका सतरंजीवर आणण्याची आणि त्यांची एक संयुक्त समिती करण्याची पद्धत पुढे दिली आहे.

पहिल्या बैठकीत, काय मिटवायचे आणि काय मिटवायचे नाही, हे ठरवून घ्यावे. 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावाला समेटाची सवय लावली, ती चांगलीच आहे. परंतु धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद किंवा पांदण रस्त्याचे भांडण मिटवणे वेगळे आणि जातीवरून झालेल्या मारहाणीत ‘गावाची बदनामी नको’ म्हणून फिर्यादीला गप्प बसवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला समेट म्हणता येत नाही, आणि असा गुन्हा आपसांत संपवण्याचा अधिकार कोणत्याही गावसमितीला नाही. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तिच्यामागे शेतजमिनीचा जुना वाद आणि एका मारहाणीच्या प्रकरणातील साक्ष होती. म्हणून ज्या तंट्यात एक बाजू संख्येने फार मोठी आहे आणि दुसऱ्या बाजूचा माणूस साक्षीदार आहे, तो तंटा समितीने साधा समजू नये.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात घ्यावी, म्हणजे कोणाच्या दारात गेल्यासारखे होत नाही. अध्यक्षपद शक्यतो सरपंचाकडे देऊ नये, कारण ग्रामपंचायत निवडणुकीचे गट मग समितीतही शिरतात. गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरील (वस्तीवरील) एक तरी स्त्री आणि एक पुरुष समितीत असावेत; त्यांना निरोप धाडून भागत नाही, आणायला जावे लागते.

त्यानंतर एक जाड नोंदवही घ्यावी आणि तीत तारीख, वेळ, जागा व उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. हल्ल्याच्या आधी बहुधा लहान खुणा दिसतात. आटाचक्कीवर एखाद्या घरचे दळण परत पाठवले जाते, किराणा दुकानदार ‘माल संपला’ म्हणतो आणि सोयाबीनच्या कापणीला त्याच घरातल्या बाया तेवढ्या बोलावल्या जात नाहीत. यापैकी एक गोष्ट योगायोगाने घडू शकते. एकाच आठवड्यात तिन्ही नोंदी झाल्या, तर तो बहिष्कार असण्याची दाट शक्यता असते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये स्वतंत्र कायदा केला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे चक्कीवाल्याला आणि दुकानदाराला समितीने शांतपणे, पण दोन जणांनी मिळून सांगावे.

अफवांसाठी निराळी तयारी लागते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भिक्षेसाठी फिरणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. आपल्याकडेही बहुरूपी आणि वैदू फिरतात. ते आले, की पोलीस पाटलांनी त्यांची भेट घेऊन गावाला ओळख करून द्यावी. मात्र ती हजेरी ठरू नये, कारण हजेरीचा जाच या समाजांनी इंग्रजांच्या काळापासून पुष्कळ भोगला आहे. पानठेल्यावर एखादी चित्रफीत फिरू लागली, तर ठरलेल्या दोघांनी ती कुठली आणि केव्हाची हे ठाण्यात विचारावे आणि उत्तर मंदिर व मशीद या दोन्ही भोंग्यांवरून एकाच शब्दांत सांगावे. जमाव जमू लागला असेल, तर चौकशीत वेळ न घालवता 112 ला फोन लावावा.

करणीच्या आरोपाची सुरुवात बहुधा घरातल्या आजारपणापासून होते. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वणी खुर्द येथे अशाच संशयावरून वृद्धांसह काही जणांना भर चौकात बांधून मारले गेले. म्हणून लांबलेल्या आजाराची खबर आशाताईंनी समितीला द्यावी आणि रुग्णाला आरोग्य केंद्रात नेण्यासाठी गाडी मिळवून द्यावी. देवऋषीकडे जाणारी वाट त्यामुळे बऱ्याचदा तिथेच थांबते.

मिरवणुकीचा मार्ग व वेळ आठवडाभर आधी संबंधित गटांच्या सहीने ठरवली, की तेवढे पुरते.

इतके करूनही हल्ला झालाच, तर आधी उपचार आणि मग ठाणे हा क्रम ठेवावा. समितीतील दोघांनी, त्यांपैकी एक पीडिताच्या समाजाबाहेरचा असावा, फिर्यादीसोबत जावे. सांगितलेली फिर्याद लिहून झाल्यावर सहीपूर्वी वाचून दाखवणे आणि तिची प्रत मोफत देणे बंधनकारक आहे. ठाणेदाराने नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवावा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील तपास उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो आणि दोषारोपपत्र साठ दिवसांत अपेक्षित असते. या कायद्याच्या मदतीसाठी 14566 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

खरी परीक्षा त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत होते. जिल्ह्याच्या कोर्टात तारीख लागली, की साक्षीदाराची दिवसाची रोजी बुडते, एसटीचे भाडे पडते, आणि नेमक्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी ‘समजूत’ काढायला घरी येते. त्यासाठी प्रत्येक गटाने दरमहा थोडी रक्कम ग्रामसंघाच्या खात्यात वेगळी ठेवावी, साक्षीदाराला रोजी आणि भाडे तीतून द्यावे, नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तारखा लिहाव्यात आणि आदल्या संध्याकाळी समितीतील दोघांनी त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे.