आयपी राउटिंग आणि ऑप्टिकल नेटवर्क एकत्र कसे चालवावे

राउटरला लिंक दिसते. ती कोणत्या फायबरवरून आणि कोणत्या डक्टमधून (केबलसाठी जमिनीखाली टाकलेली नळी) जाते ते त्याला कळत नाही. डीडब्ल्यूडीएमच्या (एकाच फायबरवर प्रकाशाच्या अनेक वेव्हलेंथ पाठवणारी यंत्रणा) एनएमएसला, म्हणजे देखरेखीच्या सॉफ्टवेअरला, वेव्हलेंथ दिसते, पण तिच्यावर किती महत्त्वाची वाहतूक आहे याचा पत्ता नसतो. म्हणून आधी दोन्ही थरांचा नकाशा जुळवा, कंट्रोलर (दोन्ही थर आपोआप चालवणारे सॉफ्टवेअर) नंतर घ्या. चुकीच्या नकाशावर चालणारे ऑटोमेशन हाताने केलेल्या चुकांपेक्षा महागात पडते.

प्रत्येक आयपी लिंकची एक नोंद करा: राउटर व पोर्ट, ट्रान्सपॉन्डरचा (राउटरचा सिग्नल वेव्हलेंथवर चढवणारे उपकरण) राउटरकडचा क्लायंट पोर्ट, फायबरकडचा लाइन पोर्ट, फ्रीक्वेन्सी, वाटेतले रोडम (वेव्हलेंथ हवी तिकडे वळवणारी उपकरणे), प्रत्येक स्पॅनचे (दोन ठाण्यांमधला टप्पा) फायबर आणि डक्ट. इथे एलएलडीपीचा (शेजारचे उपकरण ओळखण्याचा प्रोटोकॉल) भरवसा धरू नका. बहुतेक ट्रान्सपॉन्डर ती फ्रेम तशीच पुढे सोडतात, त्यामुळे राउटरला थेट पलीकडचा राउटर शेजारी म्हणून दिसतो. लेबलांचेही तसेच: पॅच कॉर्ड बदलली जाते, लेबल जुनेच राहते. खात्री करायची तर लिंकवरची वाहतूक काढा, राउटर पोर्टचा लेझर बंद करा आणि ऑप्टिकल बाजूला नेमक्या कोणत्या पोर्टवर अलार्म येतो ते पाहा.

आता प्रत्येक डक्टला एक एसआरएलजी क्रमांक द्या (एकत्र तुटू शकणाऱ्या लिंकच्या गटाची खूण, ३२ बिटांची असते) आणि त्या डक्टमधून जाणाऱ्या सगळ्या लिंकवर तो लावा. समजा, अ–ब ही मुख्य लिंक आहे आणि अ–क–ब हा पर्यायी मार्ग. अ–ब आणि अ–क एकाच डक्टमधून इमारतीबाहेर पडत असतील, तर एका खोदकामात दोन्ही जातात. आयपीच्या नकाशावर मात्र ते छान वेगळे दिसतात. नुसते क्रमांक लावून भागत नाही. टीआय-एलएफएमध्ये (लिंक तुटल्यास वापरायची वाट राउटरने आधीच काढून ठेवण्याची पद्धत) एसआरएलजी टाळण्याचा पर्याय सहसा वेगळा चालू करावा लागतो. ऑप्टिकल रिस्टोरेशन (फायबर तुटल्यावर वेव्हलेंथसाठी नवी वाट शोधणे) असेल तर वेव्हलेंथ दुसऱ्या वाटेने गेली की हे क्रमांक शिळे होतात. ते आपोआप बदलण्याची सोय हवी, नाहीतर निदान तशी सूचना राउटिंग टीमला जायला हवी. वाट बदलली की लेटन्सीही बदलते: फायबरमध्ये दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद, म्हणजे ८०० किलोमीटरच्या वळशाला एका दिशेने ४ मिलिसेकंद जास्त. हाताने लावलेल्या मेट्रिकला (राउटिंगसाठी लिंकला दिलेली किंमत) याचा पत्ता लागत नाही.

टायमरमध्ये सर्वाधिक घोळ होतो. ऑप्टिकल प्रोटेक्शन (आधीच राखून ठेवलेली दुसरी वाट) साधारण ५० मिलिसेकंदांत वाट बदलते. बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल) १० मिलिसेकंद गुणिले ३ असा, म्हणजे सलग तीन पॅकेट चुकले की लिंक पडली असे धरणारा, असेल तर तो ३० मध्येच लिंक पाडतो आणि दोन्ही थर एकाच वेळी धावपळ करतात. प्रोटेक्टेड लिंकवर बीएफडी ५० गुणिले ३ आणि लिंक डाऊनचा विलंब १०० मिलिसेकंद ठेवा. अनप्रोटेक्टेड लिंकवर हाच विलंब शून्य हवा. सगळीकडे एकच टेम्प्लेट चिकटवलात तर अर्ध्या लिंक विनाकारण उशिरा पडतील. रोडम-रिस्टोरेशनला काही सेकंद ते मिनिटे लागतात. त्याची वाट न पाहता आयपीला वळू द्या.

कोहेरंट प्लगेबल (वेव्हलेंथ स्वतःच पाठवणारे ऑप्टिकल मॉड्यूल) थेट राउटरमध्ये लावणार असाल तर पॉवर आधी तपासा. २०२० च्या ४००झेडआर (४०० गिगाबिटचे मानक) प्रकाराचे मॉड्यूल साधारण उणे १० डीबीएम पॉवर सोडते. मक्सला (वेव्हलेंथ एकत्र करणारे उपकरण) ० च्या आसपास अपेक्षित असेल तर अँप्लिफायर किंवा हाय-पॉवर मॉड्यूल लागते. सिग्नल सुमारे ६० गिगाबॉडचा, म्हणजे साधारण तितकेच गिगाहर्ट्‌झ रुंद, आहे, तो जुन्या ५० गिगाहर्ट्‌झच्या फिल्टरमधून जात नाही. किमान ७५ द्या. ओपनकॉन्फिगमध्ये (उपकरणांच्या सेटिंगचा समाईक साचा) फ्रीक्वेन्सी मेगाहर्ट्‌झमध्ये लिहायची असते: १९३.१ टेराहर्ट्‌झ म्हणजे १९३१०००००. फ्रीक्वेन्सी आणि पॉवर बदलण्याचा अधिकार एकाच सिस्टिमकडे ठेवा, नाहीतर दोन टीम एकमेकांची सेटिंग पुसत बसतात.

यानंतर एकत्रीकरणाचा खरा फायदा दिसतो. ४००झेडआरचे एफईसी (चुका दुरुस्त करणारा कोड) दर १०० बिटांत १.२५ चुकांपर्यंत सगळे दुरुस्त करते, त्यापुढे लिंक एकदम कोसळते. तोवर पिंग स्वच्छ असते, म्हणून प्री-एफईसी बीईआर (दुरुस्तीपूर्वीचे चुकांचे प्रमाण) जीएनएमआयवरून (उपकरणांकडून आकडे घेण्याचा प्रोटोकॉल) दर १० सेकंदांनी घ्या. दर १०० बिटांत ०.५ चुकांवर इशारा द्या (क्यू-फॅक्टरच्या, म्हणजे सिग्नलच्या दर्जाच्या, हिशोबात तिथून कड्यापर्यंत जेमतेम १.२ डीबी उरतात) आणि १ वर वाहतूक हलवा. त्यासाठी वाइड (२४ बिटांचे) मेट्रिक असलेल्या आयएस-आयएस या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये दोन्ही टोकांना मेट्रिक १६७७७२१४, म्हणजे वापरता येणारे सर्वात मोठे, करा, कारण मेट्रिक दिशेगणिक असते. १६७७७२१५ नको: त्याने लिंक एसपीएफमधून (सर्वात स्वस्त वाट काढण्याचा हिशोब) पुरती बाद होते आणि दुसरी वाट तुटली तर काहीच उरत नाही. मेट्रिक पूर्ववत करताना बीईआर ०.३ खाली १५ मिनिटे टिकल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर वाहतूक सतत इकडून तिकडे झुलत राहते.

रोडम किंवा अँप्लिफायरवर नियोजित काम असेल तेव्हाही हेच करा, आणि पोर्टच्या काउंटरवर वाहतूक खरोखर ओसरलेली दिसल्यावरच ऑप्टिकल टीमला होकार द्या.